रॉसगार्व मठातील मयतांना आलेल्या नोटिसांचा खुलासा

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
जुन्या वास्तूंचे कार्यालय, पश्चिम विभाग.

अर्जदार: श्रीमती सबीना डर्कन, थेग डर्कन यांची विधवा, वय ७३, राहणार रॉसगार्व, काउंटी मेयो, आयर्लंड.

विषय: रॉसगार्व मठातील दफनाबद्दल मयत इसमांच्या नावे निघालेल्या नोटिसांचा खुलासा, तसेच मठाचे फाटक पुन्हा न बसवण्याबाबत.

संदर्भ: आपली दि. १८ एप्रिल १९५५ ची नोटीस आणि तिच्याच मजकुराच्या इतर सोळा.

महोदय,

१. संदर्भातील पहिली नोटीस श्री. थेग डर्कन यांच्या नावे आहे. त्यांनी दि. २६ फेब्रुवारी रोजी शासकीय फाटक बिजागऱ्यांतून उचकटले, संरक्षित वास्तूत विनापरवाना प्रवेश केला व तेथे एक प्रेत पुरले, असा आरोप ठेवून समक्ष हजर राहण्यास फर्मावले आहे. थेग हा अर्जदार हिचा पती. तो नोव्हेंबर १९५२ मध्ये वारला. हजर राहणे त्यास जमणार नाही, हे साहेबांस मान्य व्हावे. त्याच्या वतीने अर्जदार खुलासा करीत आहे. तो जिवंत असतानाही त्याच्या वतीने तीच बोलत असे, त्यामुळे सवय आहे.

उरलेल्या सोळा नोटिसाही मयतांच्याच नावे आहेत. पोस्टमन फेस्टी लायडन याने त्या अर्जदार हिच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "पत्ता बरोबर आहे, नावं बरोबर आहेत, फक्त दार कुठलं वाजवू ते सांगा." एक नोटीस तर १८१२ साली वारलेल्या साधूच्या नावे आहे. हे कसे घडले ते योग्य ठिकाणी येईल. आधी मठाबद्दल लिहिणे भाग आहे, कारण आपल्या नोटिशीतले पहिलेच वाक्य चूक आहे.

२. ते वाक्य असे: "सदर मठ सुमारे १५९० साली ओस पडला असल्याने तेथे कोणाही व्यक्तीचा हक्क उरलेला नाही." हेच वाक्य आपल्या पाटीवरही रंगवले आहे. महोदय, छप्पर गेले म्हणून घर ओस पडत नाही. आमच्याकडे वादळात दर दोन वर्षांनी कोणाचे ना कोणाचे छप्पर जाते.

मठ बांधला फिनोला नावाच्या बाईने. तिचा नवरा इथला सरदार. जमिनीवरून त्याने सख्ख्या भावाला मारले, आणि म्हातारपणी त्याची झोप उडाली. फिनोलाने तळ्याकाठची उत्तम कुरणाची जमीन भिक्षू साधूंना दिली, अट एकच घातली: माझ्या नवऱ्यासाठी प्रार्थना करा, आणि जो कोणी मेलेला दाराशी आणला जाईल, त्याला नाव न विचारता आत जागा द्या. नाव न विचारता, हे शब्द इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहेत.

१५९० साली सैनिक आले. छपराला आग लावली, चार साधूंना वेदीपाशी कापले, आणि त्यांच्या कप्तानाने हिवाळाभर तिथे घोडे बांधले. इथपर्यंत आपली पाटी बरोबर आहे. पुढचे पाटीवर नाही. जे साधू वाचले ते तळ्यापलीकडच्या दलदलीत मातीच्या झोपड्या घालून राहिले. ब्रदर ओएन हा त्यांतला एक. तो गुरे हाकणाऱ्याचा फाटका कोट घालून बाजारात हिंडे आणि कोटाखाली कमरेला साधूची दोरी बांधलेली असे. कोणी मेले की निरोप जाई, "ओएन, एक गाय हरवली आहे." मग तो काठी घेऊन येई, घोड्यांच्या लिदीशेजारी उभा राहून मंत्र म्हणे, मेलेल्याला मातीत ठेवी आणि गुरे हाकत परत जाई. कप्तानाच्या लोकांना हा गुराखी इतका ओळखीचा झाला की ते त्याला आपली घोडी चारायला देत. पुढे कोणीतरी चुगली केली. त्याला तळ्याकाठीच टांगले. त्याच्या जागी दुसरा आला, त्यानेही तोच कोट घातला.

असे दोनशे वर्षे चालले. साधूंना देशात राहण्यास बंदी होती, पकडून देणाऱ्यास बक्षीस होते, तरी रॉसगार्वला साधू नाही असा काळ गेला नाही. शेवटचे ब्रदर अँथनी. ते पडक्या भिंतीला टेकू देऊन एकटेच राहत. थेगच्या पणजोबांना त्यांनी अक्षरे शिकवली आणि त्या बदल्यात बटाटे घेतले. ते गेले १८१२ साली. नोटीस त्यांनाच आली आहे.

त्यानंतर जमीनदाराने भोवती भिंत घातली आणि माणसे येऊ नयेत म्हणून आत एक बैल सोडला. बैल मारका होता. पहिली अंत्ययात्रा आली ती एका बाळंतिणीची. तिचा बाप शवपेटी खांद्यावर घेऊन बैलाच्या समोर उभा राहिला व म्हणाला, "बाबा रे, हिला थोडीच जागा लागेल." बैलाने मान खाली घातली आणि वाट दिली. कार्यालयाकडून आमची याहून जास्त अपेक्षा नाही.

दुष्काळाच्या वर्षी पेट्यांना लाकूड पुरेना. तेव्हा तळाला झडप असलेली एकच पेटी होती. प्रेत आणायचे, झडप उघडायची, माणूस खाली, पेटी परत पुढच्यासाठी. जमीनदाराचा कारभारी रोज बघत उभा राही. त्यानेही अडवले नाही. थेगच्या घरातली पाच माणसे त्या झडपेतून गेली. उत्तरेच्या खिडकीखाली ती आहेत. त्यांच्यावर थेगचे आजोबा, त्यांच्यावर वडील, त्यांच्याशेजारी थेग. याला कार्यालय ओस म्हणते.

३. आता इथल्या एका समजुतीविषयी लिहिते. साहेब हसतील. हसावे, पण पुढे वाचावे.

रॉसगार्वला जो शेवटी पुरला जातो, तो पहाऱ्यावर असतो. पुढचे प्रेत येईपर्यंत त्याने वेशीपाशी उभे राहायचे, आतल्या सगळ्यांसाठी तळ्यावरून पाणी आणायचे, आणि नवा आला की त्याला जागा देऊन विसावा घ्यायचा. म्हणून एकाच दिवशी दोन अंत्ययात्रा निघाल्या तर आमच्याकडे शर्यत लागते. दोन्हीकडचे लोक शवपेट्या घेऊन कुंपणांवरून उड्या मारतात. आपला माणूस शेवटचा राहू नये हा हेतू.

आमचे फादर टान्सी अर्जदार हिला म्हणाले, "सबीना, ही ख्रिस्ती शिकवण नव्हे."

"नसेल, फादर. मग तुमच्या आईच्या वेळी म्हाताऱ्या कॉन्व्हेंची पेटी वळणावर दिसली, तेव्हा तुम्ही झगा गुडघ्यापर्यंत उचलून का धावलात?"

फादरनी विषय बदलला.

४. थेगला पुरल्यानंतर दोनच महिन्यांत आपल्या कार्यालयाने मठाला लोखंडी फाटक बसवले व कुलूप घातले. यापुढे दफन करायचे ते मोठ्या रस्त्यालगतच्या नव्या दफनभूमीत, असे कळवले. गावाने ते मान्य केले असे नाही, पण मेलेला माणूस फार वेळ थांबू शकत नाही, आणि लोकांना शेतीची कामे असतात. एकेक जण रस्त्याकडे गेला. परिणामी थेग पहाऱ्यावर राहिला. एक हिवाळा राहिला, दुसरा राहिला, तिसरा राहिला.

अर्जदार हिने दोन वेळा रीतसर अर्ज केले. दुसऱ्या अर्जावर आपले निरीक्षक श्री. हॅनली मोटारीने आले. माणूस सभ्य. त्यांनी अर्जदार हिच्या हातची पावरोटी खाल्ली, ताक प्यायले, आणि म्हणाले, "बाई, हक्काचा लेखी पुरावा दाखवा, मी शिफारस करतो."

अर्जदार त्यांच्याच किल्लीने कुलूप उघडवून त्यांना मठात घेऊन गेली आणि डर्कनांचा दगड दाखवला.

"हा कागद नव्हे," ते म्हणाले.

"कागद असता तर कधीच कुजला असता, साहेब. इथे पाऊस पडतो."

"पण यावर कोणा अधिकाऱ्याची सही नाही."

"त्या काळी अधिकारी आम्हाला फाशी देण्याच्या कामात होते. सहीला वेळ नसेल मिळाला."

ते निघून गेले. आठ आठवड्यांनी नकार आला.

५. माइल्स गार्व्हिन हा आमचा शेजारी, भिंतीला भिंत लावून. त्याचे नि थेगचे हाडवैर होते. दलदलीतून जळणाची माती कापायच्या एका पट्ट्यावरून ते सुरू झाले. पट्टा एवढासा, त्यावर दोन गाढवे शेजारी उभी राहिली तर तिसऱ्याला जागा नाही. पण एकोणीस वर्षे दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. चर्चमध्ये एकाच बाकावर बसत, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. थेगला काही कळवायचे असले तर तो आपल्या कुत्र्याला मोठ्याने सांगे. माइल्सही कुत्र्यालाच उत्तर देई. कुत्रा मेला तेव्हा दोघांचीही पंचाईत झाली.

थेग गेला त्या दिवशी घरात सगळा गाव जमला. माइल्स उंबऱ्याच्या आत आला नाही. पावसात कुंपणाला टेकून चिलीम ओढत राहिला. दुसऱ्या दिवशी शेजारी खड्डा खणायला गेले, तर माइल्स आधीच छातीभर खोल उतरलेला. कोणाला फावडे हातात घेऊ देईना. "त्याच्या बापासाठी खणताना मी होतो," एवढेच म्हणाला. हे अर्जदार हिला त्या दिवशी कोणी सांगितले नाही. नंतर कळले.

यंदा फेब्रुवारीत माइल्सच्या छातीत पाणी झाले. लग्न केले नव्हते, घरात कोणी नव्हते. अर्जदार रोज शेगडी पेटवून रस्सा देऊन येई. एके सकाळी त्याने चमचा बाजूला सारला. त्या वेळी झालेले बोलणे जसेच्या तसे नमूद करते.

"नवी दफनभूमी कोरडी आहे म्हणे."

"आहे."

"पुतण्या म्हणतो, तिथेच बरं. गाडी थेट आतपर्यंत जाते."

"मग बरंच की."

"बरंच काय? त्या गाढवाला सोडवणार कोण? तीन हिवाळे उभा आहे तो. त्याची छाती मुळातच नाजूक."

अर्जदार शेगडीकडे वळली.

"सबीना, मला मठात नेशील?"

"कुलूप आहे, माइल्स."

"कुलपाचं विचारलं का मी?"

"नेईन."

"आणि ऐक. मी त्याच्याशी बोलणार नाही हं. नुसती जागा घेणार. पट्टा माझाच होता."

"बरं."

"तो रस्सा दे इकडे. मीठ कमी घालतेस तू. थेगने इतकी वर्षं कसं खाल्लं कोण जाणे."

बुधवारी तो गेला.

६. शनिवारी माइल्सला चर्चमधून बाहेर आणले. रस्ता फुटतो तिथे पुतण्याने आणलेली गाडी उभी होती, डाव्या हाताला नवी दफनभूमी, उजव्या हाताला तळे. ज्यांच्या खांद्यावर पेटी होती ते थांबले. सगळे अर्जदार हिच्याकडे पाहू लागले, कारण माइल्सचे म्हणणे तिने आदल्या दिवशी घरोघर सांगितले होते. पुतण्या अर्जदार हिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, पोलिसांचं लफडं होईल. काका तर गेले, त्यांना काय कळणार आहे?"

"तुला कळतंय ना?" अर्जदार म्हणाली. "मला कळतंय ना? मग झालं तर." आणि ती उजवीकडे चालू लागली. मागे वळून पाहिले नाही. थोड्या वेळाने मागून शवपेटीखालच्या माणसांचे धापा टाकणे ऐकू आले, तेव्हा सगळे येत आहेत हे कळले.

फाटक मोडलेले नाही. ते उचकटले, असे नोटिशीत आहे ते खोटे. आमचा लोहार सोबत होता; त्याने बिजागऱ्यांचे खिळे नीट काढले, चार जणांनी फाटक उचलून भिंतीला टेकवले, आणि त्यावर कोणी पाय देऊ नये म्हणून एकजण राखणीला उभा राहिला. शासनाच्या मालाची याहून जास्त काळजी शासनानेही घेतलेली आम्ही पाहिलेली नाही. माइल्सचा खड्डा थेगच्या पायाशी खणला. शेजारी जागा होती, पण दोघांना एकमेकांचे तोंड दिसू नये असे ठरले. फादर टान्सी आपल्या परवानगीची वाट न पाहता प्रार्थना म्हणाले. त्यांचे नाव नोटिशीत नाही, ते राहून गेले असावे.

मातीचे शेवटचे फावडे पडत असताना ठाण्यातले सार्जंट ब्रेहनी सायकलवरून आले. टोपी काढून प्रार्थना संपेपर्यंत थांबले. मग टोपी घातली, वही काढली, आणि फाटकाला, पेटीला नि फावड्याला हात लावणाऱ्यांना ओळीने उभे केले.

"नाव?"

"थेग डर्कन," पहिला माणूस म्हणाला.

थेगच्या पेटीला सार्जंटनी स्वतः खांदा दिला होता. त्यांनी त्या माणसाकडे एकवार पाहिले आणि लिहिले.

"पत्ता?"

"रॉसगार्व मठ, उत्तरेची खिडकी."

तेही लिहिले. दुसऱ्याने आपल्या मेलेल्या बापाचे नाव दिले, तिसऱ्याने दुष्काळात गेलेल्या आजोबांच्या भावाचे. लोहार म्हणाला, "ब्रदर अँथनी. धंदा प्रार्थना." एकही माणूस हसला नाही. हे सगळे त्या वेळी थट्टेने चाललेले नव्हते, हे साहेबांनी समजून घ्यावे. प्रत्येकाने ज्याचे नाव दिले त्याच्या दगडाकडे पाहूनच ते दिले. सार्जंटनी जे ऐकले ते लिहिले, यात त्यांचा दोष नाही. आपल्या कार्यालयाने ते वाचून नोटिसा काढल्या, यात दोष कोणाचा ते अर्जदार सांगू इच्छित नाही.

७. हा अर्ज करण्याचे खरे कारण आता येते.

रांगेच्या शेवटी अर्जदार उभी राहिली व स्वतःचे नाव सांगितले. सार्जंट वही मिटत म्हणाले, "वारा फार आहे, बाई. ऐकू नाही आलं."

तिने पुन्हा सांगितले.

"अजूनही नाही येत. घरी जा, चहा प्या."

त्यांचा हेतू चांगला होता. पण त्यामुळे आपल्या कागदावर सतरा मेलेली माणसे आरोपी झाली आणि जिवंत एकही नाही. नोटिशीत प्रश्न आहे, "सदर कृत्याचा हुकूम कोणी दिला?" याचे उत्तर 'अर्जदार हिने' असे लिहिणे म्हणजे पदराआड तोंड लपवणे होईल. म्हणून सरळ लिहिते. हुकूम मी दिला. मी, सबीना डर्कन. मी पुढे चालले म्हणून ते मागे आले. माझे नाव आरोपींत घालावे आणि मयतांची वगळावीत. मला तुरुंग झाला तरी चालेल. तिथे छप्पर असते असे ऐकते. मात्र "चूक झाली, क्षमा असावी" असे माझ्याकडून लिहून मिळणार नाही. तीन हिवाळे मी उत्तरेच्या वाऱ्याला दार लावून घेतले आणि तो बाहेर आहे या विचाराने पडून राहिले. आता गेले अडीच महिने झोप लागते. हा गुन्हा असेल तर मी तो पुन्हा करीन.

८. नोटिशीच्या शेवटी लिहिले आहे की प्रेत उकरून नव्या दफनभूमीत हलवावे आणि मंगळवार दि. २४ मे रोजी कार्यालयाची माणसे येऊन फाटक पूर्ववत बसवतील. प्रेत हलवण्यास आमचा नकार आहे. शिवाय थेगला माइल्सने सोडवले; माइल्सला हलवले तर ती सुटका रद्द होऊन थेगला परत उभे राहावे लागेल, आणि या वेळी माइल्सचा आवाज अख्ख्या गावाला ऐकू येईल.

फाटकाविषयी असे. गेल्या रविवारी तळ्यापलीकडून एक नाव आली. त्या काठच्या कॉन्व्हे घराण्यातली केटी नावाची म्हातारी गेली होती. फाटक निघाल्याचे कळल्यावर तिच्या मुलांनी तिला पाण्यावरून आणले. तिची आई मठात आहे. आम्ही कोणीही त्यांना परवाना विचारला नाही. माइल्स सुटला. आता पहाऱ्यावर केटी आहे, आणि ती जिवंतपणी कोणासाठी दोन मिनिटे थांबणारी बाई नव्हती. तेव्हा पुढे कोणीतरी येतच राहणार, हे साहेबांनी गृहीत धरावे.

मंगळवारी आपली माणसे जरूर यावीत. लांबचा रस्ता आहे. बटाटे, कोबी आणि डुकराचे खारे मांस अकरा वाजता तयार असेल, चहा दिवसभर. त्या दिवशी दुकान बंद राहील, शाळा बंद राहील, गुरे सकाळीच बाहेर काढली जातील. फाटकाच्या जागी बाके आणि खुर्च्या मांडलेल्या असतील आणि त्यांवर आम्ही बसलेले असू: म्हातारे पुढे, पोरे मागे, तान्ही मांडीवर. आपल्या माणसांनी प्रत्येकाला नाव विचारावे. या खेपेस सगळे आपापलेच सांगणार आहेत.

आपली, फक्त सहीपुरती नम्र,

सबीना डर्कन
रॉसगार्व, दि. १२ मे १९५५

सोबत:
१. नोटिसा, एकूण सतरा. बजावता न आल्याने परत.
२. फाटकाचे कुलूप. वजन जास्त असल्याने वेगळ्या पार्सलने.